पाठ केलेल्या शब्दयाद्या आणि बंद झालेली परीक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी प्रवेशांचा मोसम जवळ आला की शैक्षणिक पुरवण्यांतून 'सॅट' या अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेच्या वाचनविभागासाठी तीन सल्ले हमखास छापून येतात. रोज पन्नास अवघड शब्द पाठ करा, वाचनाचा वेग वाढवा, आणि आधी प्रश्न पाहून मग उतारा चाळा. हे सल्ले एके काळी बऱ्यापैकी उपयोगी होते. पण ज्या परीक्षांसाठी ते तयार झाले, त्या परीक्षा आता घेतल्याच जात नाहीत.

शब्दयाद्यांचे प्रस्थ वाढले ते 'अमक्याचे तमक्याशी जे नाते तेच कोणाचे कोणाशी' या छापाच्या प्रश्नांमुळे. ते प्रश्न २००५ मध्ये गेले. दुर्मीळ शब्दांनी वाक्य पुरे करण्याचा जुना प्रकार २०१६ च्या मार्चमध्ये गेला आणि त्याच वेळी चुकीच्या उत्तराला पाव गुण कापण्याची पद्धतही संपली. वेगाचा सल्ला होता तो लांब उताऱ्यांच्या पेपरसाठी. ६५ मिनिटांत ५२ प्रश्न आणि प्रत्येक उतारा ५०० ते ७५० शब्दांचा, असा तो पेपर होता. तोही अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून बंद झाला. विद्यार्थी मात्र अजून त्याच पेपरच्या तयारीत महिने घालवतात.

आता काय विचारतात ते आधी नीट पाहू. वाचन आणि लेखन मिळून एकच विभाग आहे, २०० ते ८०० गुणांचा. त्याची दोन मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र वेळेचे भाग, प्रत्येकी ३२ मिनिटांची आणि २७ प्रश्नांची. उतारा २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. ५४ पैकी साधारण निम्मे प्रश्न निखळ वाचनाचे : शब्दाचा संदर्भानुसार अर्थ, उताऱ्याची रचना आणि हेतू, दोन उताऱ्यांचा संबंध, मुख्य मुद्दा, पुरावा, तक्ता किंवा आलेख, आणि निष्कर्ष. उरलेले प्रश्न व्याकरण, विरामचिन्हे, वाक्ये जोडणारे शब्द आणि टिपणांवरून वाक्य निवडणे यांचे. हे प्रकार मॉड्यूलमध्ये ठरावीक क्रमाने येतात. शब्दार्थ सुरुवातीला, टिपणांचे प्रश्न अखेरीस. पहिल्या मॉड्यूलमधील कामगिरीवरून दुसरे मॉड्यूल सोपे मिळणार की अवघड हे ठरते आणि सोपे मिळाले तर वरचे गुण हाताबाहेर जातात. म्हणून पहिल्या मॉड्यूलमध्ये घाई करून मिनिटे वाचवण्यात शहाणपण नाही. वाचलेली मिनिटे दुसऱ्यात नेता येत नाहीत.

शंभर शब्दांचा उतारा कितीही सावकाश वाचला तरी चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत संपतो. प्रत्येक प्रश्नाच्या वाट्याला सरासरी ७१ सेकंद येतात. विरामचिन्हांचे प्रश्न सरावाने अर्ध्या मिनिटात सुटतात, त्यामुळे वाचनाच्या प्रश्नाला दीड मिनिट देणे सहज परवडते. मग उतारा चाळायचा कशासाठी? मुले वेळ घालवतात ती वाचण्यात नव्हे, दोन पर्यायांमध्ये हेलकावे खाण्यात. पहिल्यांदा उतारा अर्धवट वाचला असल्यामुळे तो तीनदा वाचावा लागतो. प्रश्नाचे वाक्य आधी वाचायला हरकत नाही, ते एका ओळीचे असते आणि काय शोधायचे ते सांगते. पर्याय मात्र आधी वाचू नयेत. चारांपैकी तीन पर्याय दिशाभूल करण्यासाठीच लिहिलेले असतात. ते डोक्यात भरून उतारा वाचायला बसलो तर उताऱ्यात नसलेले तिथे दिसू लागते.

आमच्या मते या विभागाची तयारी म्हणजे मुख्यतः चुकीचे पर्याय कसे बांधले जातात हे ओळखायला शिकणे. एक नमुना घेऊ. प्रयोग खरोखर झालेला आहे, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न मात्र इथे समजावण्यासाठी बांधला आहे.

वाळवंटातील एका जातीची मुंगी अन्न शोधत दूरवर जाते आणि परतताना सरळ रेषेत वारुळाकडे येते. संशोधकांचा तर्क असा की परतीचे अंतर ती पावले मोजून ठरवते. या तर्काला सर्वांत थेट बळ कोणत्या निरीक्षणाने मिळेल? पहिला पर्याय : वाऱ्याने वास पुसून गेला तरी मुंग्या वारुळापर्यंत पोचतात. दुसरा : लांब पायांच्या मुंग्या आखूड पायांच्या मुंग्यांपेक्षा वेगाने चालतात. तिसरा : अन्नापाशी पोचल्यावर ज्या मुंग्यांच्या पायांना काड्या चिकटवून उंची वाढवली, त्या परतताना वारूळ ओलांडून पुढे गेल्या. चौथा : मुंग्या दिशा ठरवण्यासाठी आकाशातील प्रकाशाचा आधार घेतात.

चौथा पर्याय वास्तवात खरा आहे, म्हणूनच घातक आहे. ज्याने मुंग्यांविषयी कुठे वाचलेले असते तो नेमका इथे फसतो. प्रश्न अंतराचा आहे, पर्याय दिशेचा. पहिल्या पर्यायाने वासाची शक्यता दूर होते, पण त्यामुळे पावलांची बाजू सिद्ध होत नाही. मुंगी अंतर आणखी दहा प्रकारांनी मोजत असू शकेल. दुसऱ्या पर्यायात 'पाय' आणि 'लांब' हे ओळखीचे शब्द आहेत एवढेच, मुद्दा वेगाचा. तिसरा बरोबर. पावलांची संख्या तीच, पण प्रत्येक पाऊल मोठे, म्हणून मुंगी पुढे निघून गेली. त्यातही 'अन्नापाशी पोचल्यावर' हे शब्द काढून टाका, पर्याय कोसळतो. जाताना आणि येताना दोन्ही वेळा काड्या असतील तर हिशेब जुळतो आणि मुंगी बरोबर वारुळाशी थांबते. असे दोन-तीन शब्दांवर अख्खा प्रश्न उभा असतो.

चुकीच्या पर्यायांच्या तऱ्हा फार नाहीत. जगात खरे पण उताऱ्यात नसलेले. उताऱ्यात असलेले पण दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असलेले. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचलून नाते फिरवलेले, म्हणजे कारणाच्या जागी परिणाम किंवा टीकाकाराचे मत लेखकाच्या नावावर. आणि ज्यात पहिले बारा शब्द बरोबर आणि शेवटचा एक चुकीचा असतो तो अर्धसत्य पर्याय. या शेवटच्याने सर्वांत जास्त बळी घेतले आहेत, कारण मुले पर्यायाचा पूर्वार्ध वाचून खूश होतात. पर्याय शेवटून वाचण्याची सवय लावली तर हा रोग बराच आटोक्यात येतो. 'नेहमी', 'केवळ', 'सिद्ध झाले', 'पूर्णपणे' असे टोकाचे शब्द आले की सावध व्हावे. पण असा पर्याय डोळे झाकून खोडू नये, उतारा स्वतःच तेवढा ठाम असेल तर तोच बरोबर असतो.

शब्दार्थाच्या प्रश्नांविषयी गैरसमज सर्वांत जास्त. रिकामी जागा भरण्याचा प्रकार इथे परत आलेला आहे हे खरे, पण शब्द कोशाच्या कोपऱ्यातले नसतात. अडखळायला होते ते ओळखीच्या शब्दांच्या अनोळखी अर्थांमुळे. विधान 'क्वालिफाय' करणे म्हणजे त्याला मर्यादा घालणे, शक्यता 'डिस्काउंट' करणे म्हणजे ती जमेस न धरणे, कल्पना 'एंटरटेन' करणे म्हणजे ती विचारात घेणे, वाढ 'अरेस्ट' करणे म्हणजे ती थोपवणे, आणि 'नॉव्हेल' म्हणजे कादंबरी नव्हे तर नवे. यादीत एका शब्दापुढे एकच अर्थ पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास चुकतो. म्हणून यादी करायचीच असेल तर वाचताना भेटलेल्या वाक्यासकट करावी, आठवड्याला पंधरा-वीस शब्द पुरेत.

हे प्रश्न सोडवताना पर्याय हाताने झाका. रिकाम्या जागेत स्वतःचा साधा शब्द घाला, मराठीत सुचला तरी चालेल. तो शब्द उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांमुळे सुचला ते बोटाने दाखवता आले पाहिजे. अपूर्णविराम असेल तर पुढचा भाग बहुधा आधीच्याचा खुलासा असतो. 'जरी', 'तथापि' अशा अर्थाचा शब्द असेल तर दोन बाजू विरुद्ध असतात. मग पर्याय उघडा आणि जुळवा. एखादा पर्याय माहीत नाही म्हणून खोडू नका. उरलेले तीन निश्चित चुकीचे असतील तर तोच घ्यायचा.

निष्कर्षाच्या प्रश्नात हुशार मुले जास्त चुकतात. समजा उतारा सांगतो की एका ठिकाणी सापडलेल्या भांड्यांची माती जवळचीच आहे, पण त्यांवरचा रंग फक्त दूरच्या एका खाणीत मिळतो. यावरून भांडी तिथेच घडली असावीत आणि रंगद्रव्य बाहेरून आले असावे, एवढेच म्हणता येते. दोन्ही प्रदेशांत नियमित व्यापार होता, कुंभार स्थलांतरित होते, रंग महाग होता, हे सगळे शक्य आहे आणि काहीच सिद्ध होत नाही. ज्या पर्यायासाठी सर्वांत छोटी उडी मारावी लागते तो निवडायचा. वर्गात 'चौकटीबाहेर विचार कर' म्हणून शाबासकी मिळवलेल्या मुलाला हे जड जाते.

तक्ता-आलेखाच्या प्रश्नात गणित नसतेच म्हटले तरी चालेल. तिथे सापळा वेगळा असतो. दोन किंवा तीन पर्याय तक्त्यातले आकडे अगदी बरोबर सांगतात, पण उताऱ्यातील दाव्याशी एकाचाच संबंध असतो. दावा असा धरा की खताचा फायदा कोरड्या वर्षी अधिक दिसला. आता 'ओल्या वर्षी एकंदर उत्पन्न जास्त होते' हा पर्याय तक्त्याप्रमाणे खरा असला तरी निरुपयोगी आहे. दाव्याला चार आकडे लागतात : कोरड्या वर्षी खतासह आणि खताविना, ओल्या वर्षी खतासह आणि खताविना. ज्या पर्यायात ही तुलना आहे तोच पाहायचा. म्हणून आधी उताऱ्यातला दावा, मग तक्त्याचे शीर्षक आणि एकके, मग पर्याय, आणि आकडे सर्वांत शेवटी. संपूर्ण तक्ता वाचत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय.

दोन उताऱ्यांच्या प्रश्नात प्रत्येक लेखकाची भूमिका पाच-सहा शब्दांत मनाशी मांडून घ्यावी. लेखकांचे मतभेद बहुधा अर्धे असतात. घटना दोघांना मान्य, कारण मान्य नाही, किंवा निष्कर्ष मान्य पण पुरावा अपुरा वाटतो. पूर्ण सहमती किंवा पूर्ण धुडकावणी सांगणारा पर्याय त्यामुळे क्वचितच टिकतो.

कवितेच्या आणि जुन्या गद्याच्या उताऱ्यांची भीती अनाठायी आहे. कवितेत गूढार्थ शोधायचा नसतो. कोण कोणाशी बोलते आहे आणि सूर कुठे बदलतो एवढे पाहिले तरी पुरते. एकोणिसाव्या शतकातील गद्यात अडचण वाक्यरचनेची असते. मराठी वाचक क्रियापदाची शेवटपर्यंत वाट पाहायला सरावलेला असतो, इंग्रजीत मात्र ते कर्त्यालगत येईल अशी त्याची अपेक्षा असते. जुन्या लेखकांनी मध्ये चार उपवाक्ये घातली की त्याची कर्त्यावरची पकड सुटते. उपाय साधा आहे. सरावात रोज अशी पाच लांब वाक्ये घेऊन फक्त मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद अधोरेखित करावे. तीन आठवड्यांत फरक दिसतो.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. बारा आठवडे हातात असतील तर पहिल्याच आठवड्यात 'ब्लूबुक' अ‍ॅपवर एक पूर्ण चाचणी द्यावी, कारण खरी परीक्षाही त्याच अ‍ॅपवर होते. छापील सराव चाचण्यांत दुसरे मॉड्यूल कामगिरीप्रमाणे बदलत नाही, त्यांवरून गुणांचा अंदाज बांधू नये. पुढचे चार-पाच आठवडे घड्याळ बाजूला ठेवून एकेका प्रकाराचे रोज दहा-बारा प्रश्न सोडवावेत. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची अधिकृत प्रश्नपेढी आणि 'खान अकॅडमी' या शैक्षणिक संकेतस्थळावरील सराव, दोन्ही फुकट आहेत. त्यानंतर ३२ मिनिटांची मॉड्यूल, आणि पूर्ण चाचणी पंधरा दिवसांतून एकदा. अधिकृत चाचण्या मोजक्याच असतात, त्या एका सुट्टीत उडवून टाकू नयेत. बाजारातल्या नकली चाचण्यांची खोट अशी की त्यांतले चुकीचे पर्याय फार तरी चुकीचे असतात किंवा पुरेसे चुकीचे नसतात, आणि दोन उत्तरे समर्थनीय ठरतात. अशा चाचण्यांवर घासलेले मूल खऱ्या परीक्षेत अंदाजाने खेळू लागते.

खरे काम चाचणी संपल्यावर सुरू होते. चुकीच्या प्रत्येक उत्तराची वहीत नोंद हवी, आणि ती 'सिली मिस्टेक' या दोन शब्दांत नको. आपण निवडलेला पर्याय आपल्याला का आवडला, त्यातला कोणता शब्द त्याला खोटा पाडतो, आणि बरोबर उत्तराला आधार देणारे उताऱ्यातील शब्द कोणते, या तीन गोष्टी लिहाव्यात. नशिबाने बरोबर आलेली उत्तरेही त्यात हवीत. आठ-दहा दिवसांनी तेच प्रश्न, नोंद न पाहता पुन्हा सोडवावेत. वहीची पंधरा पाने भरली की चुकांचे गट आपोआप दिसतात. उतारा कळलाच नाही म्हणून चुकणाऱ्याने रोज अर्धा तास विज्ञान, इतिहास, समाजशास्त्र यांवरचे जड गद्य वाचावे आणि प्रत्येक परिच्छेद एका वाक्यात सांगून पाहावा. उतारा कळला पण प्रश्न चुकीचा वाचला, त्याने प्रश्न स्वतःच्या शब्दांत म्हणून मगच पर्याय पाहावेत. दोन्ही कळून पर्यायात फसणाऱ्याला आणखी वाचनाचा काही उपयोग नाही, त्याला वर सांगितलेल्या तऱ्हांचाच सराव हवा. तिघांना एकच औषध देणे ही शिकवण्यांची नेहमीची चूक.

परीक्षेच्या खोलीतले काही. दीड मिनिट उलटूनही दोन पर्याय उरले तर एक निवडावा, खूण करून ठेवावी आणि पुढे जावे. मॉड्यूल संपेपर्यंत मागे येता येते. चुकीला दंड नसल्यामुळे एकही जागा रिकामी सोडू नये. प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न गुणांसाठी धरलेच जात नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहिले जातात आणि कोणते ते कळत नाही. एखादा प्रश्न विचित्र वाटला तर त्यावर तीन मिनिटे जीव टाकू नये. पडद्यावर पर्याय खोडण्याची आणि उताऱ्यावर रंग देण्याची सोय आहे, ती घरी इतकी वापरावी की तिथे विचार करावा लागू नये. आधी व्याकरणाचे प्रश्न उरकून मग वाचनाकडे येण्याची युक्ती काहींना लाभते, विशेषतः ज्यांचा वेळ शेवटी कमी पडतो त्यांना. पण ती सरावात दोनदा करून पाहावी. परीक्षेच्या सकाळी नवा क्रम सुचला तर तो मनातच ठेवावा.

आणि आता आपल्याकडे मागणी. 'परीक्षेसाठी पाचशे शब्द' या चौकटीऐवजी पुरवणीत आठवड्याला एकच उतारा आणि त्यावरचा एकच प्रश्न द्यावा. बरोबर उत्तर एका ओळीत सांगितले तरी चालेल, पण उरलेले तीन पर्याय नेमक्या कोणत्या शब्दापाशी चुकतात, हे मात्र सविस्तर छापावे. जागा साधारण तेवढीच लागेल.

आपले,
वाचन-आकलन शिकवणारे काही शिक्षक